खरवसाला मफलर

आमच्या घरात फ्रिज आणि मी एकाच वर्षी आलो. गेल्या सेहेचाळीस वर्षांत दोघांपैकी एकाच्या कामाबद्दल कधीच तक्रार नव्हती, आणि तो एक म्हणजे मी नव्हे.

झालं असं, की माझ्या वेळी आईला बर्फाचे डोहाळे लागले. लातूरचा एप्रिल, आणि डोहाळे बर्फाचे! आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गंजगोलाईच्या बाजारात दोरखंडाचं दुकान. ते बिचारे रोज भर दुपारी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवर घेऊन यायचे. घरी पोचेपर्यंत निम्मा बर्फ त्यांच्या धोतरात उतरलेला असायचा. शेवटी वैतागून त्यांनी फ्रिजच आणला. गल्लीतला पहिला. पिस्त्याच्या रंगाचा, गोल खांद्यांचा, एका दाराचा, आणि ट्रकच्या दारासारखा खटका असलेला. आख्ख्या गल्लीचा ताप या फ्रिजच्या बर्फानं उतरला. भूकंपात आमच्या स्वयंपाकघराची भिंत तडकली, पण फ्रिज जागचा हलला नाही.

आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई अजून दर सोमवारी फ्रिज ओल्या फडक्यानं पुसते आणि त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढते. (आमच्या घरात देवानंतर विभूती फ्रिजला मिळते. मला मागून घ्यावी लागते.) बायकोला, म्हणजे मीनाला, मात्र दोन दारांचा नवा फ्रिज हवा होता. मीना उदगीरची. तिनं मनातली गोष्ट मनात ठेवली असं अजून एकदाही झालेलं नाही. पण ‘फ्रिज बदला’ हे तिनं इतक्या वर्षांत आईसमोर कधी म्हटलं नव्हतं, कारण फ्रिज बिघडतच नव्हता.

तो दसऱ्यानंतर बिघडला.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. विळी, अडकित्ता, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांना विभूती, फूल आणि लाल दोरा. दोरा बांधायचा मान माझा, कारण आप्पांची गाठ फक्त मला येते. देवणीचा माजलेला वळू बांधायची गाठ आहे ती. ओढली की आणखी आवळते. आदल्या वर्षी फ्रिजच्या खटक्याला बांधलेला दोरा संध्याकाळपर्यंत पुसता पुसता निघून गेला होता आणि आईला ते वर्षभर लागून राहिलं होतं. म्हणून या खेपेला ती मला, म्हणजे बसवराजला, म्हणाली, “बसू, भायेर बांधू नको. आत बांध. चांगला मजबूत बांध.” मी आत डोकं घातलं, बल्बापाशी दोरा ओवायला झकास जागा सापडली, सात वेढे दिले आणि वर आप्पांची गाठ मारली. आईनं कापूर ओवाळला. विषय संपला.

चार दिवसांनी सकाळी चहाला दूध घ्यायला गेलो, तर दूध पातेल्यातून पडेना. पातेलं वाकडं केलं, पडेना. पूर्ण पालथं केलं, तरी पडेना! तेवढ्यात मीना आली आणि पालथं पातेलं डोक्यावर धरून खालून वाकून बघणारा नवरा तिला दिसला. भाजीच्या कप्प्यातली कोथिंबीर काचेच्या बांगड्यांसारखी कडकड मोडत होती. दह्यात रवी उभी राहात होती. सगळ्यात वाईट म्हणजे आईचे डोळ्यांत घालायचे थेंब. ती खुर्चीत मान मागं टाकून, डोळे वटारून बसली होती आणि मी बाटली दाबत होतो.

“टाक की रं.”

“टाकतोय आई.”

“मग येऊन का न्हाई राहिलं?”

थेंब बाटलीतच गोठले होते. मीना म्हणाली, “फ्रिज बिघडलाय.”

“बिघडला कसा?” आईनं डोळे वटारलेलेच ठेवून तिच्याकडं पाहिलं. “गार करायचं काम त्याचं. करून राहिला. काहीजणांवानी कामचुकार न्हाई.”

काहीजण म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

आता, मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. उष्णता हा माझा हातखंडा विषय. पोरं मागं मला ‘थर्मो सर’ म्हणतात. (तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ते आवडतं.) त्या आठवड्यात मी नेमकं तापमान नियंत्रणच शिकवत होतो, फळ्यावर रंगीत खडूनं आकृती काढून. अशा माणसानं फ्रिजसाठी मेकॅनिक बोलवायचा? मीनानं करीमचाचांचं नाव काढलं. आप्पांच्या वेळेपासून आमचा फ्रिज तेच बघत. मी हसून म्हणालो, “चाचांना कशाला त्रास? हे थर्मोस्टॅटचं काम आहे. एक बटण फिरवायचं.”

बटण होतं. बर्फाच्या डब्याखाली काळं, गोल. त्यावर एक ते सात आकडे होते, असं आई सांगते. पण इतक्या वर्षांच्या सोमवारांनी ते पुसून टाकले होते. आता कुठल्या बाजूला फिरवलं की थंडी कमी होते?

“आप्पा उन्हाळ्यात डावीकडं फिरवायचे,” आई म्हणाली. “का उजवीकडं?”

मी नांदेडला दादाला फोन लावला. दादा माझा थोरला भाऊ, सरकारी नोकरीत आहे आणि कुठल्याही यंत्राबद्दल न बघता मत देतो. “बस्या, एवढंबी कळंना का तुला? सरळ उजवीकडं फिरव.”

“उजवीकडं म्हणजे माझ्या उजवीकडं की फ्रिजच्या?”

मग दादा म्हणाला, “तू खरंच पोरं शिकवतो का रं?”

मी शास्त्रीय मार्ग धरला. क्लासमधून प्रयोगाचा तापमापक आणला, पाण्याच्या पेल्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवला, दारावर आलेखाचा कागद डकवला आणि दर पंधरा मिनिटांनी दार उघडून आकडा लिहायला लागलो. दिवसातून चाळीस वेळा दार उघडत होतो. दुसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी गोठलं आणि तापमापक त्यात रुतून बसला. तो ओढताना मोडला. आलेखाची रेघ तिथं संपली. मीनानं त्या ठिकाणी पेन्सिलीनं लहानसं फूल काढलं.

खरं सांगतो, पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आमच्या तरुणपणी दिवसातून आठ तास लाइट जायची, फ्रिज आपोआप थांबायचा. आता लाइट जात नाही, म्हणून मला घरात मानहानी सोसावी लागत होती.

शुक्रवारी देवणीहून मामाचा फोन आला. गाय व्याली. पहिल्या धारेचा चीक उद्याच्या एसटीनं कंडक्टरजवळ देतो. आईचा चेहरा एकदम उजळला. चीक आमच्याकडं विकत नसतात, वाटतात; आणि माहेरच्या देवणी गाईचा खरवस दोन्ही लेकांनी एका ताटात खायचा, हा आईचा नेम. दादा रविवारी दुपारी नांदेडहून येणार. म्हणजे शनिवारी खरवस लावायचा आणि रविवारपर्यंत टिकवायचा. ऑक्टोबरचं ऊन असं, की बाहेर ठेवला तर सकाळी आंबून जाईल.

तेव्हा मीना पहिल्यांदा आईसमोर फ्रिज बदलण्याचं बोलली. आवाज चढवला नाही, हे विशेष. “आई, माझं एकच म्हणणं. रविवारी खरवस नीट ताटात आला, तर या फ्रिजबद्दल मी जन्मात बोलणार न्हाई. न्हाई आला, तर सोमवारी नवीन आणायचा.”

आई फ्रिजकडं बघत राहिली. मग म्हणाली, “हाव. तुझंबी खरंय बाई. कुठवर संभाळशीला तुम्ही.” आणि देवघरात जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. फ्रिज म्हणजे तिच्या लेखी आप्पांनी भर उन्हात ओढलेली सायकल होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी मनात म्हटलं, बसवराज, आईचा फ्रिज जाता कामा नये. तुझं सगळं फिजिक्स पणाला लाव.

(माझं फिजिक्स पणाला लागलं की काय होतं, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.)

शनिवारी चीक आला. आईनं गूळ, वेलदोडा घालून, कुकरला शिट्टी न लावता खरवस वाफवला. असा थरथरता, पिवळसर, वरून जाळीदार, की बघूनच जीभ ओली व्हावी. डबा निवला आणि मी सूत्रं हाती घेतली. योजना अशी : बटणावर भरवसा न ठेवता फ्रिजचा भिंतीवरचा स्विच अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. थर्मोस्टॅटचं काम माणसानं करायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर हसतील.

शिवाय सुरक्षेसाठी उष्णतारोधक आवरण! डब्याला माझा लोकरीचा मफलर गुंडाळला. वरून कानटोपी घातली. ते पुरेसं वाटेना म्हणून एक दुपटं पांघरलं. खरवस असा दिसायला लागला, जसा देवणीचा मामा पहाटे मळ्यात निघतो. मीना पाणी घ्यायला आली, तिनं दार उघडलं, आत पाहिलं आणि दार लावलं.

“अहो.”

“काय?”

“मोजे राहिले.”

स्विच बंद करून मी क्लासला गेलो. तासाभरानं आलो, तर चालू! मी बंद केला. अंघोळ करून आलो, तर चालू! मी पुन्हा बंद केला. मला वाटलं, स्विचमध्येच दोष आहे. नंतर कळलं ते असं, की आईनं जाता-येता स्विच बंद दिसला की ‘अगं बाई, कुणी बंद केला’ म्हणून चालू केला होता. आणि मीनानं? तिनंही तेच! ‘उद्या खरवस बिघडला तर म्हणतील, हिनंच मुद्दाम बंद ठेवला,’ म्हणून ती बिचारी दर वेळी तपासून चालू करत होती. एकूण मी बंद करत होतो आणि दोघीजणी चालू करत होत्या. वर प्रत्येकाचं बटण फिरवणं वेगळं. तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, खरवस वाचला पाहिजे. आणि तिघं मिळून त्याचा जीव घेत होतो.

रविवारी दादा आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. “आण की माय खरवस. नांदेडपासनं उपाशी आलोय.”

आईनं स्वतः डबा काढला. दुपटं सोडलं, कानटोपी काढली, मफलर उलगडला. (दादा हे सगळं तोंड उघडं ठेवून बघत होता.) झाकण निघालं. आईनं सुरी लावली. टण् असा आवाज आला.

दादानं सुरी घेतली. मग उलथणं घेतलं. मग तो उभा राहिला, डब्यावर दोन्ही हातांनी उलथण्याचा भार टाकला आणि उलथणं काटकोनात वाकलं. “बस्या,” तो घाम पुसत म्हणाला, “बत्ता आण.”

आईनं पदराच्या टोकानं फ्रिजच्या कपाळावरची विभूती उगीचच नीट केली आणि म्हणाली, “लई दिवस राबला बिचारा. जाऊ द्या आता.” मीनाचे डोळे भरले. पैज तिनं जिंकली होती, पण तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तरी शब्द तो शब्द. तिनं करीमचाचांना फोन लावला, “चाचा, फ्रिज न्यायचाय. येऊन बघून जाता का?”

चाचा आले. सत्तरीच्या पुढं गेलेले, पण अजून खिशात टेस्टर. आईला सलाम केला, फ्रिजच्या दारावरून हात फिरवला. “आप्पांचा फ्रिज नेऊ म्हणता? हातानं ठेवलाय मी हा इथं.” मग खटका ओढून त्यांनी आत डोकं घातलं. बराच वेळ ते आतच होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. चाचा हसत होते.

“सर,” त्यांनी डोकं बाहेर काढलं, “हा लाल दोरा कोणी बांधला?”

“मी,” मी म्हणालो. “खंडेनवमीचा आहे. का?”

“ही बारीक नळी बगा. हिला बर्फाच्या डब्याला चिकटवून क्लिपेत बसवलेली असती. ही डब्याची थंडी बघती आन् मशीनला सांगती, बस झालं, आता थांब. समजलं का?”

“हो.”

“तुम्ही हिला क्लिपेतून काढलं आन् बल्बला बांधलं.”

मी वाकून दोऱ्याकडं बघितलं.

“म्हणजे हिला थंडी लागंनाच. मशीन आपलं दिवसरात्र पळून राहिलं, की अजून गार झालंच न्हाई म्हणून. वरून जितक्यांदा दार उघडलं, तितक्यांदा बल्ब पेटला आन् हिला शेक बसला. जास्त दार उघडलं का कोणी?”

दादा, आई आणि मीना तिघांनी एकदम दारावरच्या आलेखाकडं पाहिलं. चाळीस ठिपके, पेन्सिलीच्या फुलापर्यंत. आणि ते बघताना मला स्वतःचा फळा आठवला. त्याच आठवड्यात रंगीत खडूनं मी लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारून : ज्याचं तापमान मोजायचं, त्याला तापमापकाचा स्पर्श हवा. पोरांनी वहीत उतरवूनसुद्धा घेतलं होतं!

चाचांनी गाठ सोडायला घेतली. सुटेना. दाढा लावून बघितल्या, सुटेना.

“सुटायची न्हाई,” आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “त्यांची गाठ हाय ती.”

शेवटी दोरा कापावा लागला. नळी क्लिपेत गेली, स्विच लागला, फ्रिज गुरगुरला. आम्ही पाचजण त्याच्यासमोर फतकल मारून बसलो. बऱ्याच वेळानं आतून टक्क असा आवाज आला आणि फ्रिज आपला आपण थांबला. आईनं हात जोडले. मीनानं तर मोठ्यानं टाळीच वाजवली.

तोवर खरवस उन्हात ठेवलेला होता. तो जरा विरघळल्यावर दादानं बत्त्यानं फोडला, आणि आम्ही त्याचे खडे दाढेखाली धरून, गालांवर हात दाबत, ओय-ओय करत खाल्ले. चाचांनी तीनदा मागून घेतला. दोघा लेकांनी एका ताटात खाल्ला, आईचा नेम मोडला नाही. असा खरवस मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो वाईट होता असं मी म्हणणार नाही.

“मीना, मग नवीन फ्रिजचं काय?” दादानं विचारलं. त्याच्या जिभेवर तेव्हा खडा होता, त्यामुळं निम्मं कळलं.

“फ्रिजमध्ये दोष न्हाई भावजी,” मीना म्हणाली. “दोष कशात होता ते आता कळलंय. पण ते बदलून देत न्हाईत म्हणे कुठल्या दुकानात.”

यंदाची खंडेनवमी परवाच झाली. आईनं तबकात विभूती, फुलं आणि लाल दोरे ठेवले. मी पुढं सरसावलो, तर म्हणाली, “थांब. आधी हात पुढं कर.” मी केले. तिनं माझ्या दोन्ही मनगटांना एकत्र सात वेढे दिले आणि वर गाठ मारली. आप्पांची गाठ! तिलाही येते, हे मला सेहेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“आई, हे काय?”

“आज हत्यारांना आराम द्यायचा असतो,” आई म्हणाली. “आन् या घरात तुझ्या हातांएवढं घातक हत्यार दुसरं न्हाई.”

फ्रिजचा दोरा मीनानं बाहेर, खटक्याला बांधला. पूजा झाली, आरती झाली, गाठ काही सुटेना. मला पुरणपोळी मीनानं भरवली, आणि तूप हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत असताना मागं टक्क असा आवाज आला. फ्रिज आपला आपण थांबला होता. कधी थांबायचं हे आम्हा दोघांपैकी एकाला बरोबर कळतं, आणि तो एक म्हणजे मी नव्हे.